तुमकूरचा खोकला आणि अल्मा-आटा

१९६०च्या आसपास बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या संशोधकांनी तुमकूर जिल्ह्यातली गावं पालथी घातली. खेड्यातला माणूस क्षयाची लक्षणं अंगावर काढतो, ही तेव्हाची ठाम समजूत. प्रत्यक्षात बेडक्यात जंतू सापडलेल्यांपैकी साधारण निम्मे आधीच दवाखान्याची पायरी चढून आले होते आणि खोकल्याचं औषध घेऊन परतले होते. बेडका तपासायचं कुणाला सुचलंच नव्हतं! तपासणी तरी किती साधी: काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर, लाल रंग ओतून खालून ऊब, मग आम्लाने धुवायचं. इतर सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूला मेणचट कवच असतं, म्हणून तो लालच राहतो.

त्याआधी, १९५९मध्ये मद्रासच्या प्रयोगाने दाखवलं होतं, की औषधं नियमित घेतली तर घरी राहणारा रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. म्हणजे खास इस्पितळं, खास डॉक्टर यांच्यावाचून अडत नव्हतं. नेहमीच्याच दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आणि गोळ्या हव्या होत्या. १९६२चा आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच विचारावर उभा राहिला.

त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात क्षयरोगाचं काम करत होते डॉ. हाफडान माहलर. डेन्मार्कचे, बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. १९५१मध्ये आले आणि जवळपास दहा वर्षं इथे राहिले. १९७३मध्ये ते संघटनेचे महासंचालक झाले. त्यांच्या पुढच्या धोरणांत मला तरी ही भारतातली वर्षं स्पष्ट दिसतात. १९७७मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी निघाली. १९७८मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. त्याआधी संघटनेने जगभरातले यशस्वी प्रयोग गोळा केले होते. आरोळे दांपत्याचा जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प त्यातलाच एक.

जाहीरनाम्यातलं ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट काही गाठलं गेलं नाही. अल्मा-आटानंतर वर्षभरातच, इटलीतल्या बेलाजिओच्या बैठकीनंतर, वेगळा सूर लागला: सगळं जमणार नाही, तेव्हा लसीकरण, जलसंजीवनी, स्तनपान अशा मोजक्या स्वस्त उपायांवर भर द्या. या उपायांनी असंख्य मुलं वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लसीचं पथक आज येतं, उद्या पुढच्या गावाला जातं. खोकत आलेल्याचा बेडका तपासायला गावाजवळच्या केंद्रात कुणीतरी बारा महिने बसलेलं लागतं, आणि त्याचा पगार कोणत्याच मोहिमेच्या खर्चात बसत नाही.