टेप कोणाच्या हातात: एमएफ डूमच्या अंडरग्राउंड कारकिर्दीची पार्श्वभूमी

रॅपर एमएफ डूमचं नाव निघालं की आधी धातूचा मुखवटा डोळ्यांपुढे येतो. पण तो मुखवटा कशासाठी आला हे समजून घ्यायचं तर १९९४ पर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा या माणसाचं रंगमंचावरचं नाव झेव लव्ह एक्स होतं आणि तो चेहरा उघडा ठेवून रॅप करत होता.

त्याचं खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म १३ जुलै १९७१ चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आलं. १९८८ मध्ये त्याने आणि धाकट्या भावाने, म्हणजे डीजे सबरॉकने, केएमडी हा गट उभा केला. थर्ड बेस या गटाच्या एका गाण्यात पाहुणा म्हणून तो झळकला, त्यातून इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीशी करार झाला आणि १९९१ मध्ये पहिला अल्बम आला. दुसरा अल्बम, 'ब्लॅक बास्टर्ड्स', पुरा व्हायच्या आत एप्रिल १९९३ मध्ये सबरॉक रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून गेला. उरलेलं काम डॅनियलने एकट्याने संपवलं.

मुखपृष्ठाचं चित्र त्याने स्वतः काढलं होतं. कृष्णवर्णीयांची टवाळी करणारी 'सॅम्बो' ही जुनी व्यंगाकृती आणि तिच्या गळ्यात फास. त्याला त्या टवाळीलाच फाशी द्यायची होती. बिलबोर्ड या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकातल्या एका स्तंभातून चित्रावर टीका झाली, कंपनीने अल्बम रद्द केला आणि गटाशी करारही मोडला. मास्टर टेप (मूळ ध्वनिमुद्रण) आणि २०,००० डॉलर डॅनियलला देऊन कंपनीने प्रकरण मिटवलं. भाऊ गेलेला, अल्बम गेलेला, कंपनी गेलेली. पुढची तीन वर्षं तो कुठल्या रंगमंचावर दिसला नाही. न्यूयॉर्कच्या बाकांवर रात्री काढल्याचं त्याने नंतर सांगितलं आहे. त्या अल्बमच्या चोरट्या प्रती मात्र हातोहात फिरत राहिल्या.

याच काळात अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचा, रॅप वेगळा होत गेला, आणि त्यामागे आवडीनिवडीपेक्षा कायद्याचा आणि खर्चाचा भाग मोठा होता. डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या कोर्टाने परवानगीविना सॅम्पल (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) वापरणं म्हणजे चोरी, असा निकाल दिला. सॅम्पलसाठी दोन परवानग्या लागतात: एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी गाण्याच्या रचनेच्या मालकाची. एका बीटमध्ये, म्हणजे रॅपखालच्या संगीतात, चार तुकडे असतील तर आठ सह्या, आणि एक जरी अडली तरी गाणं अडतं. मोठ्या कंपन्या यामुळे सावध झाल्या. काही शे किंवा हजार प्रती छापणाऱ्या छोट्या लेबलांकडे (रेकॉर्ड कंपन्यांकडे) सहसा कोणी वकील पाठवत नसे, म्हणून दाट सॅम्पलचं संगीत त्यांच्याकडे टिकलं.

असंच एक लेबल म्हणजे बॉबिटो गार्सियाचं फोंडल एम. बॉबिटो कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर मध्यरात्रीनंतर हिपहॉपचा कार्यक्रम करायचा. त्याचा माल म्हणजे बारा इंची तबकडी. बारा इंचांवर एकदोनच गाणी घेतली तर खाचा रुंद आणि खोल कापता येतात, त्यामुळे आवाज मोठा आणि खालचे सूर भरीव निघतात. अशा तबकडीवर बहुधा गाण्याबरोबर नुसतं बीटही असे, म्हणजे डीजेला दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून ते हवं तेवढं लांबवता येई. १९९७ पासून डॅनियलची गाणी एमएफ डूम या नव्या नावाने अशा तबकड्यांवर येऊ लागली आणि १९९९ मध्ये त्याच लेबलने 'ऑपरेशन: डूम्सडे' काढला. ऐंशीच्या दशकातलं आणि नव्वदच्या सुरुवातीचं मऊ, रेडिओवरचं संगीत (शीर्षकगीतात शादेच्या गाण्याचा तुकडा आहे), मध्ये जुन्या कार्टूनमधले संवाद, आणि त्यावर जाड, किंचित घोगरा आवाज. असे सूर तेव्हाच्या कडक रॅपवाल्यांना बाजारू वाटायचे. त्याने ते जसेच्या तसे घेतले आणि त्यातून दुःख काढलं.

सुरुवातीला न्यूयॉर्कच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये तो तोंडावर बायकी मोजा ओढून माइकपुढे उभा राहायचा. पुढे मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमवरून मुखवटा आला. नेहमीचा ओळखीचा मुखवटा ग्राफिटी कलाकार लॉर्ड स्कॉचने 'ग्लॅडिएटर' चित्रपटातल्या शिरस्त्राणाच्या प्रतिकृतीवरून घडवला. एमएफचा अर्थही दुहेरी: शब्द म्हणताना मेटल फेस, बीट बनवताना मेटल फिंगर्स. ज्या कंपनीने चित्र बघून संगीत फेकून दिलं, तिला दिलेलं हे माझ्या मते नेमकं उत्तर होतं. बघायला काही ठेवायचंच नाही, फक्त ऐका.

आणि ऐकण्यासारखं खूप होतं. रॅपची ओळ चार ठोक्यांची. मिनिटाला ९० ठोके धरले तर एक ओळ पावणेतीन सेकंदांहूनही कमी, सोळा ओळींचं कडवं जेमतेम ४३ सेकंद. साधा रॅपर चौथ्या ठोक्यावर एका अक्षराचं यमक साधतो. डूम ओळीभर स्वरांची साखळी लावतो. मराठीत नमुना करायचा तर 'उधारीचं पान' आणि 'सुतारीचं काम' घ्या. शेवटचं व्यंजन जुळत नाही, पण उ-आ-ई-अं-आ हे पाचही स्वर ओळीने जुळतात, म्हणून कानाला यमक पुरं लागतं. अशा जोड्या तो ठोक्याच्या किंचित मागे टाकतो आणि वाक्य मुद्दाम पुढच्या ओळीत नेऊन तोडतो. नक्कल करणारे इथेच फसतात. स्वर जुळवण्याच्या नादात अर्थ सुटतो आणि नुसती खडखड उरते. डूमच्या ओळीत मात्र अर्थ शेवटच्या शब्दावर वळण घेतो.

या कलेचा कळस म्हणजे बीटमेकर मॅडलिबबरोबरचा 'मॅडव्हिलनी', स्टोन्स थ्रो लेबल, मार्च २००४. मॅडलिबने त्यातली बरीच बीट्स साओ पाउलोच्या हॉटेलच्या खोलीत बनवली. साधनं तीन: हातात मावणारा बॉस एसपी-३०३ सॅम्पलर, छोटा टर्नटेबल आणि कॅसेट डेक. बाजारातून तबकड्या आणायच्या, तुकडा उचलायचा, लूप करायचा (सलग पुन्हा पुन्हा वाजवायचा), कॅसेटवर उतरवायचा. पण अल्बमचा कच्चा मसुदा प्रकाशनाच्या वर्षभर आधीच इंटरनेटवर फुटला. दोघांनी काम बाजूला टाकलं. परत हाती घेतलं तेव्हा डूमने आपला आवाज नव्याने मुद्रित केला, जास्त खालच्या आणि थंड सुरात. फुटलेली आणि छापील आवृत्ती लागोपाठ ऐकावी. पहिलीत तो जोर लावतोय, दुसरीत जणू खुर्चीत मागे टेकून बोलतोय, आणि त्यानेच शब्द स्पष्ट लागतात. २२ तुकडे, ४६ मिनिटं, बहुतेक ठिकाणी ध्रुवपदच नाही. बिलबोर्डच्या यादीत तो १७९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याचं वजन त्या आकड्यावरून अजिबात कळत नाही.

त्या वर्षांत तो एका नावात अडकून राहिला नाही. किंग गीडोरा, व्हिक्टर वॉन ही दुसरी पात्रं २००३ मध्ये वेगवेगळ्या लेबलांवर आली, २००४ च्या अखेरीस 'एमएम..फूड' तिसऱ्याच लेबलवर. रोमन लिपीत हे शीर्षक म्हणजे त्याच्याच नावाच्या अक्षरांची फिरवाफिरवी. नुसत्या बीट्सची 'स्पेशल हर्ब्स' मालिका दहा भागांची झाली. त्यातलीच काही बीट्स २००६ मध्ये रॅपर घोस्टफेस किलाने आपल्या अल्बमसाठी घेतली. एक बीट आधी मालिकेत विकायचं, मग दुसऱ्या रॅपरला द्यायचं: कंपनीच्या पगाराशिवाय जगायचं तर हे हिशेब जमावे लागतात.

मुखवट्याची वाईट बाजूही होती. २००७ च्या सुमारास काही कार्यक्रमांना मुखवटा घालून भलताच माणूस आला आणि ओठ हलवून गेला. आपण दिग्दर्शक आहोत, पात्र कोणी करायचं ते आपण ठरवतो, अशी डूमची भूमिका होती. कागदावर ती पटते. पण तिकीट काढून आलेल्यांची ती फसवणूकच होती, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे स्पष्ट म्हणायला हवं.

२०१० मध्ये युरोपच्या दौऱ्यानंतर त्याला अमेरिकेत परत शिरू दिलं नाही. आयुष्य तिथे गेलं होतं, पण नागरिकत्व कधी घेतलंच नव्हतं. उरलेली वर्षं तो ब्रिटनमध्ये राहिला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्समध्ये, ४९ व्या वर्षी, तो गेला. जगाला ते कळलं ३१ डिसेंबरला, पत्नीने जाहीर केल्यावर.

गाणी लिहिलेल्या त्याच्या वह्या लॉस एंजेलिसमध्ये राहिल्या होत्या. २०२३ मध्ये पत्नीने त्या परत मिळवण्यासाठी कोर्टात दावा लावला. वह्या ३१ होत्या.