उपसलेले पाणी आणि खचणारी जमीन

इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात होम फेन नावाच्या जागी एक ओतीव लोखंडाचा खांब उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शेजारचे व्हिटल्सी मियर हे विस्तीर्ण तळे शेतीसाठी उपसून कोरडे करण्यात आले, तेव्हा खालच्या चिकणमातीपर्यंत खांब पुरून त्याचे टोक जमिनीलगत ठेवले होते. आज ते टोक जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंच आहे. खांब जागचा हललेला नाही. भोवतालची जमीनच खाली गेली आहे.

ही जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. दलदलीत पाण्याखाली प्राणवायू पुरेसा पोहोचत नसल्याने वनस्पतींचे अवशेष पूर्णपणे कुजत नाहीत आणि हजारो वर्षांत त्यांचे जाड थर साचतात. पाणी उपसले की हे थर आधी आकसतात आणि स्वतःच्याच भाराने दबतात. खरी गोम त्यापुढे आहे. हवा लागताच सूक्ष्मजीव पीट कुजवू लागतात आणि त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. जमीन शब्दशः हवेत विरते. ती खचली की शेत पुन्हा भूजलाच्या जवळ येते, म्हणून चर आणखी खोल खणावे लागतात, आणि मग त्याखालचा, आजवर भिजलेला पीट उघडा पडतो.

नेदरलँड्समध्ये हे चक्र मध्ययुगापासून चालू आहे. सुरुवातीला पीटची जमीन समुद्रसपाटीहून उंच होती आणि साध्या चरांतून पाणी आपोआप नदीकडे वाहून जाई. तिथल्या पवनचक्क्यांचे कौतुक सगळेच करतात, पण जमीन खचल्यामुळे आपोआप होणारा निचरा थांबला आणि बऱ्याच अंशी म्हणूनच पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्यांची गरज पडली, हे क्वचितच सांगितले जाते. आज त्या देशाचा सुमारे २६ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे, आणि पंप बंद ठेवण्याची मुभा तिथे कोणालाच नाही.

इंडोनेशियाने १९९६ साली कालिमंतानमधील सुमारे १० लाख हेक्टर पीटच्या प्रदेशात भातशेती उभी करण्यासाठी हजारो किलोमीटर कालवे खणले. भात फारसा पिकला नाही. मात्र वाळलेल्या पीटने १९९७ च्या दुष्काळात पेट घेतला. जमिनीच्या पोटात धुमसणाऱ्या अशा आगी वरून पाणी मारून सहजासहजी विझत नाहीत.

आता त्याच कालव्यांत बांध घालून पाणी अडवले जात आहे आणि होम फेनच्या परिसरातही जमीन पुन्हा ओली करण्याचे काम चालू आहे. पाणी वर आले की कुजणे मंदावते, पण गेलेली उंची परत मिळत नाही. अनुकूल स्थितीतही पीटचा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटरनेच वाढतो. या हिशेबाने त्या खांबाचे टोक पुन्हा जमिनीलगत यायला सुमारे ४,००० वर्षे लागतील.