खाजनाचा बांध आणि डार्विन

भरतीच्या वेळी गोव्यातल्या चोडण बेटावर खाजनाच्या, म्हणजे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या सखल शेतजमिनीच्या, कडेने चाललात, तर मांडवी नदीचे पाणी शेतापेक्षा उंच उभे दिसते. मध्ये असतो फक्त चिखलाचा बांध. भरतीच्या दाबाने मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, लाकडी दार मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. कोरगुट जातीचे भात थोडे मीठ सोसते. पण बांध एका जागी जरी फुटला, तरी खारे पाणी काही मालक विचारून आत येत नाही. सगळ्यांचेच शेत जाते.

‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गनियम, असे कोणी डार्विनच्या नावावर खपवू लागला की मला त्याला या बांधावर आणावेसे वाटते. ‘लायक तोच टिकतो’ हा शब्दप्रयोग इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ सालचा. डार्विनने तो नंतर उचलला. १८७१ सालच्या ग्रंथात मात्र त्यानेच लिहिले, की ज्या टोळीत एकमेकांसाठी झीज सोसणारी माणसे जास्त, ती टोळी इतरांवर मात करते.

पण झीज सोसणारा स्वतः मागे पडत नाही का? जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये रक्ताच्या नात्यापुरते उत्तर दिले: भावंडांतही आपलीच जनुके असतात. नात्याबाहेरचे उत्तर १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सने दिले: आज मी, उद्या तू. त्यासाठी माणसे पुन्हापुन्हा भेटावी लागतात आणि अंग चोरणारा ओळखू यावा लागतो. पिढ्यानपिढ्या शेजारी राहणाऱ्या खाजनवाल्यांत दोन्ही आपसूक घडते.

गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावकरी संस्थेच्या उत्पन्नातून बांध राखले जात, तशी देवळेही. ‘देव बघतोय’ या भावनेने सहकार्य घट्ट झाले, असे काही संशोधक मानतात. काहींच्या मते धर्म हे मेंदूच्या इतर सवयींचे उपफळ आहे. वाद मिटलेला नाही.

याच आपुलकीला कुंपणही असते. गावकरपण, म्हणजे त्या संस्थेचे सभासदत्व, बापाकडून मुलाकडे जाई. बायकांना त्या बैठकीत जागा नव्हती, चिखल उपसणाऱ्या मजुरांनाही नव्हती. कुंपण का उगवले हे उत्क्रांती सांगते. ते न्याय्य आहे, असे ती सांगत नाही. या दोहोंतला फरक विसरल्यामुळेच ‘चांगल्या’ माणसांचीच वंशवाढ व्हावी असे सांगणाऱ्या फ्रान्सिस गाल्टनच्या सुप्रजननशास्त्राच्या नावाखाली पुढे हजारोंची सक्तीने नसबंदी झाली. खुद्द डार्विनने १८७१ च्या त्याच ग्रंथात म्हटले होते, की आपुलकी एकदा अनोळखी देशबांधवांपर्यंत पोचली, की ती सर्व देशांच्या माणसांपर्यंत न्यायला आड येते ती केवळ एक कृत्रिम भिंत.