पेलेट ग्रिल घेण्याआधी आणि गटारीनंतर

आमच्या गाळ्यावर पेलेट ग्रिल बघायला येणाऱ्या बहुतेकांनी यूट्यूबवर बरंच पाहिलेलं असतं. हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या टाकीत, लाकडाचे दाणे (पेलेट) ओतायचे, तापमान लावायचं, पुढचं मशीन बघून घेतं, एवढं त्यांना ठाऊक असतं. तरीही ठरावीक प्रश्न रोज फोनवर येतात, आणि पावसाळाभर बंद ठेवलेलं मशीन जाम झाल्याची तक्रार तर दरवर्षी दसरा झाला की रांग लावून येते. त्यासाठी हे पत्रक. यात दर दिलेले नाहीत, कारण आयात माल डॉलरबरोबर वरखाली होतो. चालू दरपत्रक काउंटरवर मागा.

आधी हे ठरवा

तंदुरी चिकनवर काळे चटके दिसलेच पाहिजेत असा घरात आग्रह असेल, तर पेलेट ग्रिल घेऊ नका. मध्यम बजेटमधली बहुतेक मॉडेलं २३० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत जातात. तंदूर त्याच्या कितीतरी पुढे असतो. त्या चवीसाठी साधी कोळशाची शेगडी स्वस्तात मिळते, तीही आम्ही ठेवतो. पोपटीची चवही यातून येणार नाही, ती मडक्याची आणि भांबुर्ड्याच्या पाल्याची.

पेलेट ग्रिलचं खरं काम मंद आचेचं. ११० ते १२० अंशांवर मटणाची रान पाच-सहा तास ठेवा, हाडापासून मांस सुटून येतं आणि मध्ये उठून कोळसे सारावे लागत नाहीत. चिकन, आख्खं पापलेट, कणीस, भरताचं वांगं, सगळं होतं. धुराची चव मात्र सौम्य असते. ‘धूर लागत नाही’ म्हणून मशीन परत आणू नका. धूर कमी तापमानात जास्त होतो, तेव्हा सुरुवात मंद आचेवर करा. तेवढ्याने भागलं नाही तर जाळीची स्टीलची नळी मिळते, तिच्यात मूठ-दोन मूठ पेलेट भरून टोकाला पेटवायचे आणि ती मांसाच्या शेजारी ठेवायची. महागडं मॉडेल घेण्यापेक्षा हा उपाय फार स्वस्त पडतो.

दुसरं, जागा. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत हे मशीन चालवायचं नाही. लाकूड जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. आम्ही विकण्याआधी ‘ठेवणार कुठे?’ असं विचारतो, त्याचा काहींना राग येतो. पण मोकळी गच्ची, बंगल्याचं अंगण किंवा कर्जत-मुरबाडकडचं फार्महाउस असेल तरच पुढे बोलणं बरं. गच्ची सामाईक असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

पैसा कुठे घालावा

या मशीनची कल्पना अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली. तिथल्या जो ट्रेगर यांना १९८६ साली पेटंट मिळालं आणि ते २००६ मध्ये संपलं. त्यानंतर बऱ्याच कंपन्या उतरल्या, म्हणून आज मध्यम बजेटमध्येही निवडायला वाव आहे. आतली रचना सगळीकडे जवळपास तीच. हॉपरमधले दाणे ऑगर, म्हणजे आडवा लांब स्क्रू, पुढे ढकलतो. ते फायरपॉटमध्ये पडतात, इग्नायटरची कांडी ते पेटवते आणि पंखा हवा देतो. किती दाणे कधी सोडायचे ते कंट्रोलर ठरवतो.

कंट्रोलर पीआयडी प्रकारचाच घ्या. जुन्या पद्धतीचे कंट्रोलर ठरावीक वेळाने दाणे सोडत राहतात, आणि वारा सुटला की तापमान वीस-वीस अंश हेलकावे खातं. पीआयडी कंट्रोलर तापमान सतत मोजून दाणे जुळवत राहतो. इथे हात आखडता घेऊ नका.

आकारात मात्र घ्या. जाहिरातीतल्या चौरस इंचांत वरची अरुंद जाळीही धरलेली असते, म्हणून खालच्या मुख्य जाळीचं माप वेगळं विचारा. सहा-आठ माणसांना एकूण ४५० चौरस इंचांच्या आसपासचं मशीन पुरतं. मोठं घेतलं तर तेवढंच चिकन भाजायला जास्त पेलेट जळतात.

अमेरिकेतल्या परीक्षणांत दुहेरी पत्र्याचं फार कौतुक असतं. ते बर्फात अंगण गोठतं तिथल्यासाठी. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटे कपाटातून स्वेटर काढला तरी आपण त्याला थंडी म्हणतो, त्यासाठी दुहेरी पत्र्याचे पैसे मोजू नका. तेच पैसे गंज न धरणाऱ्या मालात घाला. सीवूड्स, नेरूळ, वाशीकडे खाडीची हवा पत्रा खाते. फायरपॉट स्टेनलेसचा हवा, आणि पावडर कोटिंग झाकणाच्या कडांपर्यंत व बिजागरीच्या मागेही सारखं पोचलेलं हवं. दुकानात झाकण उघडून मागच्या बाजूने बोट फिरवा, खरखरीत कोरा पत्रा लागला तर गंज तिथूनच सुरू होणार.

वायफाय हवं तर घ्या. फोनवर तापमान दिसतं, मजा येते, पण मटण त्याने लवकर शिजत नाही. त्याऐवजी एक गोष्ट जरूर बघा, जी जाहिरातीत शेवटच्या ओळीत असते: हॉपर खालून रिकामा करायची खिडकी. ती नसेल तर उरलेले दाणे वाटीने उपसायचे आणि तळाचे व्हॅक्यूमने ओढायचे. असा कंटाळा असला की माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि दसऱ्यानंतर आमच्याकडे येणारी निम्मी मशीनं याच ‘नंतर बघू’मधून आलेली असतात.

पावसाळा, आणि हॉपरमधले उरलेले दाणे

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

आपल्याकडचं वेळापत्रक असं. गटारीला ग्रिल दणक्यात पेटतं. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो. श्रावण संपतो तोच गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्याला घरात पुन्हा चिकनचा विषय निघेपर्यंत दोन-अडीच महिने ग्रिल बंद, वर कव्हर, आणि हॉपरमध्ये गटारीचे उरलेले दोन-तीन किलो दाणे. हे महिने वर्षातले सगळ्यात दमट. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि पाऊस थेट पडला नाही तरी ओल आत शिरतेच.

पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा. चांगल्या पेलेटमध्ये गोंद नसतो, लाकडातलाच लिग्निन नावाचा घटक उष्णतेने मऊ होऊन त्याला धरून ठेवतो. विश्वास बसत नसेल तर पाच-सहा दाणे पाण्याच्या कपात टाका, थोड्याच वेळात फुगून त्यांचा लगदा होतो. दमट हवेत तेच घडतं, फक्त सावकाश. हॉपरमधला दाणा सादळला तर निदान दिसतो. ऑगरच्या नळीतला दिसत नाही. तिथे फुगायला जागा नसते, त्यामुळे तो स्क्रूच्या पात्यांमध्ये आणि नळीच्या भिंतीला गच्च बसतो. मग ऑक्टोबरची उन्हं पडतात, तो वाळतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो.

त्यानंतर बटण दाबलं की काय होतं? मोटर हूं करते, स्क्रू हलत नाही. बऱ्याच मॉडेलांत मोटर आणि स्क्रू यांच्यामध्ये मुद्दाम एक कमकुवत पिन असते, ती तुटते आणि मोटर वाचते. ती नसेल तर मोटर जाते. दुरुस्तीत आम्ही हॉपर सोडवतो, मोटर काढतो, स्क्रूच्या टोकाला पाइप पाना लावून तो उलटा फिरवत बाहेर खेचतो. निघाला तर बरा. नाहीतर नळीत लांब छिन्नी घालून ठोकत तपकिरी ढेपा फोडायच्या, बुरशीचा वास सोसत. एका मशीनमागे मेकॅनिकचा अर्धा दिवस सहज जातो, आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर अशा मशीनांची रांग लागलेली असते. ज्याचा खरोखरचा पार्ट बिघडला आहे तो गिऱ्हाईक मागे राहतो.

टाळायला लागतात फक्त वीस-पंचवीस मिनिटं. गटारीचं शेवटचं भाजून झालं की ग्रिल गरम असतानाच हॉपर खालच्या खिडकीतून रिकामा करा. मग ग्रिल चालूच ठेवा. ऑगरमध्ये उरलेले दाणे पुढे सरकून जळून जाऊ द्या. ज्वाळ विझली की तापमान उतरतं आणि डिस्प्लेवर एरर येते. येऊ द्या, आपल्याला तेच हवंय. त्यानंतर नेहमीसारखं शटडाउन लावा आणि पंखा आपोआप थांबल्यावरच प्लग काढा. गार झाल्यावर फायरपॉटमधली राख काढा. राख ओल धरते आणि पत्र्याला खाते.

काढलेले दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घरात ठेवा. पोत्यात, गच्चीवरच्या लोखंडी कपाटात, जिन्याखाली नको. पुढे वापरताना एक दाणा बोटांनी मोडून बघा. चकचकीत असेल आणि ‘कट’ असा आवाज करून मोडला तर चांगला. निस्तेज, बोटांना भुसा लागणारा असेल तर फेकून द्या, चार पैशांच्या दाण्यासाठी ऑगर पणाला लावू नका. आमच्याकडे रबरी गॅस्केटचा डबा मिळतो, पण किराण्याचा घट्ट बसणारा कुठलाही डबा चालेल.

कव्हरचंही सांगतो. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळाभर गच्च बांधून ठेवलं की आत घाम धरतो. आठ-दहा दिवसांनी उघडीप मिळाली की तासभर काढून ठेवा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना ईएलसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप झाला तर बहुधा इग्नायटरच्या कांडीने ओल धरलेली असते. वायरमनला बोलावून ईएलसीबी बायपास करून घेऊ नका, आम्हाला फोन करा.

‘वापरलंच नाही, मग बिघडलं कसं?’

हा प्रश्न आम्हाला दर ऑक्टोबरात विचारला जातो, आणि उत्तर हेच की वापरलं नाही म्हणूनच. सादळलेल्या दाण्यांनी जाम झालेला ऑगर आम्ही वॉरंटीत धरत नाही. नळी उघडली की कारण समोर दिसतं. गिऱ्हाईक तिथे उभं असेल तर त्याच्यासमोरच उघडतो, नसेल तर फोटो पाठवतो. मोटर, पंखा, कंट्रोलर, इग्नायटर आपणहून गेले तर वॉरंटीत बदलून देतो, त्यात कधी हुज्जत घालत नाही.

जून ते सप्टेंबर आम्ही नऊ किलोची मोठी बॅग विकत नाही, फक्त लहान सीलबंद पाकिटं देतो. किलोमागे ती महाग पडतात हे खरं आहे आणि त्यावरून बोलणीही खातो. पण मंद आचेवर तासाला अर्धा ते एक किलो पेलेट जातात. एका दुपारच्या जेवणाला चार-पाच किलो पुष्कळ झाले. फोडलेल्या मोठ्या बॅगेतले उरलेले चार किलो जुलैत कुठे ठेवणार?

बाहेरचे पेलेट, बाहेरचं मशीन

एमआयडीसीत बॉयलरसाठी बायोमास पेलेट मिळतात, आमच्या पेलेटपेक्षा फारच स्वस्त. ते ग्रिलमध्ये घालू नका. त्यात शेंगांची टरफलं असतात, शेतातला कचरा असतो, कधी प्लायवूडच्या कारखान्यातला भुसाही, आणि प्लायवूडमध्ये रसायनांचा गोंद. बॉयलरला त्याचं काही नाही, तुमचं चिकन मात्र त्याच धुरात शिजणार. खाण्याच्या कामाचे, नुसत्या कठीण लाकडाचे पेलेटच वापरा, मग ते आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून. आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या किंवा कोळशाचे तुकडे हॉपरमध्ये टाकायचे नाहीत, ते ऑगरमध्ये अडकतात. आंब्याचा धूर हवाच असेल तर वर सांगितलेल्या जाळीच्या स्टीलच्या नळीत बारीक ढलप्या घाला.

भावाने किंवा जावयाने अमेरिकेहून आणलेलं मशीन १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावलं तर कंट्रोलर जळतो, बऱ्याचदा पहिल्याच मिनिटात. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही एक अडचण उरते. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. ऑगरला एसी मोटर असेल तर ती सावकाश फिरते, दाणे कमी पडतात आणि तापमान चढत नाही. डीसी मोटर असेल तर हा त्रास नाही. अशी मशीनं आम्ही तपासून देतो, शुल्क घेऊन. आमच्याकडून घेतलेल्या मशीनला वर्षाची पहिली तपासणी मोफत आहे. ती मे महिन्यात करून घ्या, जूनमध्ये आमच्याकडेही रांग असते.

फार्महाउसवर वीज जाते त्याचं काय, असंही विचारतात. पेटताना काही मिनिटं ३०० वॉटच्या आसपास वीज लागते, नंतर ५० वॉटच्या आतबाहेर. घरचा साधा इन्व्हर्टर पुरतो. पेटताना वीज गेली आणि ज्वाळ धरली नाही तर पुन्हा बटण दाबण्याआधी फायरपॉट रिकामा करा. त्यात साचलेले दाणे एकदम पेटले तर झाकण उडेल इतका भडका होतो. चरबीचा ट्रे दर दोन-तीन वेळांनी खरवडा. चरबीने पेट घेतलाच तर झाकण बंद करून मशीन बंद करा, पाणी ओतू नका.

फोन करण्याआधी

तीन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: हॉपरचा वरून, फायरपॉटचा आणि डिस्प्लेवर आलेल्या एररचा. जमलं तर हॉपरमधला एक दाणा मोडून त्याचाही. यावरून बहुतेक वेळा आम्ही फोनवरच सांगू शकतो की मशीन आणायचं की तुम्हीच सोडवू शकता. मशीन आणायचं ठरलं तर हॉपर आणि ट्रे रिकामे करून, आडवं न पाडता टेम्पोत उभं आणा. सोमवारी दुकान बंद असतं. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत दुरुस्तीसाठी वेळ ठरवूनच या.