रिस्क बघून दिलेली शिक्षा (धोकादायक गुन्हेगारांसाठी)

कोर्ट शिक्षा देतं ती झालेल्या गुन्ह्याची, हा झाला नेहमीचा नियम. पण बऱ्याच देशांत कायद्यात अशी सोय आहे की हा माणूस पुढेही कोणाला तरी गंभीर इजा करेल असं कोर्टाला पटलं तर गुन्ह्याला बसते त्याहून जास्त शिक्षा देता येते, कधीकधी तर सुटकेची तारीखच न ठरवता. म्हणजे त्यातला काही भाग केलेल्याचा आणि काही भाग अजून न केलेल्याचा, आणि सगळा वाद ह्या दुसऱ्या भागावरूनच आहे.

कल्पना जुनी आहे. १९व्या शतकाच्या शेवटी इटलीत एन्रिको फेरी, जर्मनीत फ्रांझ फोन लिस्ट ही मंडळी म्हणायला लागली की गुन्ह्यापेक्षा गुन्हेगार बघा, जो सुधारण्यातला नाही त्याला समाजापासून लांब ठेवा. इंग्लंडने १९०८ मध्ये सराईतांना शिक्षा संपल्यावर अजून ५ ते १० वर्षं डांबायचा कायदा केला, जर्मनीत तसा कायदा नोव्हेंबर १९३३ मध्ये नाझींनी आणला आणि नाझी गेले तरी ती तरतूद बदलत बदलत आजही आहे. कॅनडात आत्ताची ‘डेंजरस ऑफेंडर’ पद्धत १९७७ पासूनची. तिथे गुन्हा सिद्ध झाल्यावर सरकारी वकील वेगळा अर्ज करतो, तज्ज्ञाचा रिपोर्ट येतो आणि एकदा शिक्का बसला की बेमुदत शिक्षा होऊ शकते, पॅरोलचा विचार ७ वर्षांनी.

आता रिस्क ठरवायची कशी? पूर्वी मानसोपचारतज्ज्ञाचं मत चालायचं. १९८३ च्या बेअरफूट केसमध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सुप्रीम कोर्टाला सांगितलं की असे लांबचे अंदाज तीनपैकी दोनदा चुकतात, तरी कोर्टाने ती साक्ष चालवून घेतली, आणि प्रश्न फाशीचा होता! नंतर स्कोअर आले: वय, पहिला गुन्हा कितव्या वर्षी, आधीच्या शिक्षा, व्यसन, ह्यावरून आकडा काढायचा. हे अंदाजपंचे मतापेक्षा बरं, पण आकडा गटाचा असतो, समोर उभा असलेला माणूस त्या गटातला नेमका कुठला हे त्यातून कळत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या लूमिस केसमध्ये (२०१६) तर स्कोअर काढायचा फॉर्म्युला कंपनीचं व्यापारी गुपित होतं, कोर्ट म्हणालं वापरा पण निकाल त्याच्यावरच ठरवू नका. अजून एक पेच म्हणजे कोवळं वय किंवा मानसिक आजार असेल तर आरोपीचा दोष कमी धरतात, पण त्याच गोष्टींनी रिस्क वाढते. ऑस्ट्रेलियात १९८८ च्या व्हीन केसमध्ये कोर्टाने हे दुधारीपण मान्य केलं आणि समाजाच्या बचावासाठीसुद्धा गुन्ह्याच्या प्रमाणाबाहेर शिक्षा नको असं बजावलं.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. सोडलेल्या माणसाने पुन्हा गुन्हा केला तर ती चूक सगळ्यांना दिसते, पण सोडलं असतं तर ज्याने काहीच केलं नसतं असा माणूस आत सडत असेल तर ती चूक कोणालाच दिसत नाही, मग सही करणारा प्रत्येकजण आत ठेवण्याकडेच झुकणार. ही चूक दिसायची संधी क्वचित येते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या बॅक्स्ट्रॉम निकालामुळे न्यूयॉर्कच्या कडक पहाऱ्यातल्या मनोरुग्णालयांतून धोकादायक समजलेले ९६७ जण साध्या रुग्णालयांत हलवावे लागले, पुढे अभ्यास झाला तर परत कडक पहाऱ्यात पाठवायची वेळ फारच थोड्यांवर आली होती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ह्याचा पार विचका झाला. २००३ च्या कायद्याने ‘आयपीपी’ (इम्प्रिझनमेंट फॉर पब्लिक प्रोटेक्शन, म्हणजे समाजाच्या बचावासाठी कैद) नावाची बेमुदत शिक्षा आणली, ती २००५ पासून लागू झाली. १५० हून जास्त गुन्हे यादीत, आधी तसला एखादा गुन्हा असेल तर धोकादायक समजूनच चालायचं. सरकारला वाटलं ९०० च्या आसपास लोक येतील, प्रत्यक्षात ८,७११ शिक्षा झाल्या, काहींची किमान मुदत (ती भोगल्याशिवाय सुटकेचा विचारच नाही) तर दोन वर्षांच्याही आत. बाहेर पडायचं तर रिस्क कमी झाली हे पॅरोल बोर्डाला पटवायचं, त्यासाठी जेलमधले कोर्स करायचे, आणि कोर्सना जागाच नाही! २०१२ मध्ये युरोपियन मानवाधिकार कोर्टाने ह्यावरून ब्रिटनला दोषी धरलं, त्याच वर्षी शिक्षा रद्दही झाली, पण आधीच आत असलेल्यांची नाही. २०२२ मध्ये संसदेच्या समितीने सगळ्यांना नव्याने शिक्षा ठरवून द्या म्हटलं, सरकारने नाकारलं.

जर्मनीत वेगळं घडलं. तिथे शिक्षा संपल्यावर पहिल्यांदा डांबून ठेवायला असलेली १० वर्षांची मर्यादा १९९८ मध्ये काढली, तीसुद्धा आधीच आत असलेल्यांना लागू करून, त्यावर युरोपियन कोर्टाने २००९ मध्ये ताशेरे ओढले आणि २०११ मध्ये घटना कोर्टाने सगळी पद्धतच घटनाबाह्य ठरवली, नवीन कायदा करायला मुदत दिली. तर्क साधा होता: ह्या माणसाची शिक्षा भोगून झालीय, आता तो फक्त इतरांच्या सुरक्षिततेसाठी आत आहे, त्यामुळे त्याचं राहणं जेलपेक्षा ठळकपणे वेगळं हवं, थेरपी मिळायलाच हवी आणि दरवर्षी कोर्टाने पुन्हा बघायला हवं की ह्याला ठेवायची गरज अजून आहे का.