‘ब्लॅक’ आणि ‘ब्लॅक सन’: नावं तीच, राक्षस वेगळे

‘कामेन रायडर ब्लॅक’ आणि ‘कामेन रायडर ब्लॅक सन’ या दोन जपानी मालिकांची गल्लत होणं अगदी साहजिक आहे. नायक दोन्हीकडे कोतारो मिनामी. भावासारखा मित्र आणि पुढे वैरी झालेला नोबुहिको आकिझुकी दोन्हीकडे. संघटना तीच, गोर्गोम. टोळाच्या रूपातला काळा योद्धा आणि त्याच्यासमोर चंदेरी शॅडो मून, हेही तेच. पहिली मालिका १९८७-८८ची, दुसरी २०२२ची. त्यामुळे दुसरी म्हणजे पहिलीचीच मोठ्यांसाठी काढलेली रक्तबंबाळ आवृत्ती, असं समजून बरेच जण बघायला बसतात आणि दोन-तीन भागांतच गोंधळतात. पहिलीत संकट येतं ते राक्षसांकडून, एवढं समजलं की पुरतं. दुसरी विचारते, की या राक्षसांना घडवलं कोणी आणि त्यांचा द्वेष करून कोणाचं भलं होतं?

आधी जुनी मालिका. तोएई कंपनीची निर्मिती, मूळ कल्पना शोतारो इशिनोमोरी यांची. कामेन रायडर, म्हणजे मुखवटाधारी स्वार, हे पात्र त्यांनीच १९७१मध्ये जन्माला घातलं. ‘ब्लॅक’ रविवारी लागायची आणि ५१ भाग चालली. गोर्गोम ही प्राचीन, गुप्त संघटना. तिचा सृष्टिराजा दर ५० हजार वर्षांनी बदलतो. सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेल्या दोन मुलांना एकोणिसाव्या वाढदिवशी पळवायचं, त्यांच्या शरीरात एकेक राजमणी बसवायचा आणि मग त्यांना आपसांत झुंजवायचं. दुसऱ्याला मारून जो दोन्ही मणी मिळवील, तो नवा राजा. कोतारो निसटतो, नोबुहिको अडकतो. मालिकेच्या उत्तरार्धात तोच शॅडो मून होऊन समोर उभा राहतो, आणि एकाच घरात वाढलेल्या दोघांना लढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तिच्यातला रूपांतराचा क्षण मला आजही अप्रतिम वाटतो. कोतारो मुठी आवळतो तेव्हा चामड्याचे हातमोजे करकरतात. क्षणभर टोळमानवाचं उघडं रूप दिसतं, लगेच त्यावर काळं कवच चढतं आणि सांध्यांतून वाफ निघते. नायकाच्या आत एक राक्षस आहे हे मालिका मुलांपासून लपवत नाही. फक्त तो राक्षस ती फार वेळ दाखवत नाही.

बाकीचे राक्षस मात्र येतात, कारस्थान करतात, मरतात. त्यांना घर नाही, आईबाप नाहीत, भूक नाही. याला एक ठळक अपवाद आहे आणि तो फार मोलाचा आहे: व्हेल-राक्षस. समुद्राचा घात होतोय हे पाहून तो गोर्गोमच्या विरोधात जातो, आणि शॅडो मूनच्या हातून कोतारो मरतो तेव्हा हाच त्याला समुद्राकाठच्या गुहेत पुन्हा जिवंत करतो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दीर्घायुष्याच्या लोभाने गोर्गोमला सामील झालेली माणसं या मालिकेत पहिल्यापासून आहेत: राजकारणी, प्राध्यापक, अभिनेत्री. जुनी मालिका या धाग्याला फारसं हात लावत नाही. नवी मालिका तोच उचलते आणि त्यावरच उभी राहते.

‘ब्लॅक सन’ २८ ऑक्टोबर २०२२ रोजी प्राइम व्हिडिओवर आली, दहा भाग एकदम, फक्त प्रौढांसाठी. कामेन रायडरच्या पन्नाशीनिमित्त जाहीर झालेल्या प्रकल्पांपैकी ही एक. दिग्दर्शक काझुया शिराइशी. इथे काइजिन, म्हणजे ही राक्षस-माणसं, लपूनछपून राहत नाहीत. ती शेजारी राहतात, शाळेत जातात, पोटापाण्याचा उद्योग करतात. सरकारने माणूस-काइजिन सहजीवनाची घोषणा केल्याला पन्नास वर्षं झालीत, आणि रस्त्यावर ‘काइजिन हटवा’ म्हणत मोर्चे निघताहेत. आओई इझुमी नावाची शाळकरी मुलगी संयुक्त राष्ट्रांत भाषण करून सांगते, की माणसाच्या आणि काइजिनच्या जिवाचं मोल एकच आहे, त्यात तिळमात्र फरक नाही.

ते मोर्चे हवेतून आलेले नाहीत. तोक्योच्या शिन-ओकुबो भागात, कावासाकीत, कोरियन वंशाच्या वस्त्यांसमोर असेच द्वेषाचे मोर्चे निघत होते. त्यातून २०१६मध्ये जपानने द्वेषपूर्ण भाषणाविरोधी कायदा केला, पण त्यात शिक्षेची तरतूद नव्हती. कावासाकी शहराने २०१९मध्ये स्वतःचा नियम करून पाच लाख येनपर्यंत दंड ठेवला. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की मालिकेतले भोंगे, फलक आणि मध्ये उभे पोलीस वेगळेच दिसू लागतात.

गोर्गोमचं काय झालं, हा दोन्ही मालिकांतला सर्वांत मोठा फरक. २०२२च्या कथेत गोर्गोम म्हणजे १९७२मधली काइजिन तरुणांची चळवळ. हक्कांसाठी लढणारी मुलं, आपसांतले वाद, फाटाफूट. १९७२ हे साल जपानी प्रेक्षकाला लगेच बोचतं, कारण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आसामा-सान्सो प्रकरण घडलं, म्हणजे सशस्त्र डाव्या तरुणांनी डोंगरातल्या एका विश्रामगृहात ओलीस धरलं, आणि तिथल्या डाव्या विद्यार्थी चळवळीचा रक्तरंजित शेवट सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. शिराइशी हे याच चळवळीच्या शेवटावर चित्रपट काढणाऱ्या कोजी वाकामात्सु यांच्या हाताखाली तयार झालेले दिग्दर्शक, त्यामुळे हा काळ त्यांना परका नाही. पुढे चळवळीतले काही जण सरकारशी तडजोड करतात आणि गोर्गोम सत्तेच्या आश्रयाला राहणारा पक्ष होतो. पंतप्रधान दोनामी हे एका जुन्या पंतप्रधानाचे नातू; जपानचे खरोखरचे पंतप्रधान झालेल्या नोबुसुके किशी आणि शिंझो आबे या आजोबा-नातवाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आणि काइजिन मुळात जन्मले कसे? युद्धकाळात माणसांवर केलेल्या प्रयोगांतून. म्हणजे ज्या राज्यसत्तेने त्यांना घडवलं, तीच त्यांच्या द्वेषावर पोसली जाते.

जुनं दीर्घायुष्य इथे ‘हेवन’ नावाच्या पदार्थात आलं आहे. सृष्टिराजाच्या शरीरातला स्राव आणि माणसाचं मांस यांपासून बनलेला हा पदार्थ खाल्ला की काइजिन म्हातारा होत नाही. पन्नास वर्षं कैदेत ठेवलेल्या नोबुहिकोला तो मिळत राहिला, म्हणून तो तरुण. कोतारोने तो सोडला, म्हणून तो थकलेला, लंगडत चालणारा. नोबुहिको झालेले तोमोया नाकामुरा हे कोतारो झालेल्या हिदेतोशी निशिजिमांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत. एकेकाळचे बरोबरीचे दोघे समोरासमोर येतात तेव्हा ते पाऊण मिनिटभर नुसतं बघत राहावं असं आहे. पहिले कितीतरी भाग कोतारोवर कवच चढतच नाही. तो उघड्या टोळमानवाच्या रूपातच लढतो. जुन्या मालिकेने क्षणभर दाखवलेलं रूप इथे तासन् तास समोर असतं.

मालिकेत उणिवा आहेत. १९७२ आणि २०२२ असे दोन काळ दहा भागांत कोंबल्यामुळे शेवटी घाई होते, आणि राजकारणी पात्रं कधी कधी फारच ढोबळ वाटतात. पण आओईचा मित्र शुन्सुके, चिमणीच्या रूपातला तो साधासरळ मुलगा, जमावाच्या हाती सापडतो तो प्रसंग बघवत नाही इतका खरा आहे. आणि शेवटी आओई निराधार मुलांना गोळा करून शस्त्रं चालवायला शिकवते. अनेकांना हा शेवट पटला नाही. मला तो प्रामाणिक वाटतो. भाषण करून पाहिलं, मोर्चे काढून पाहिले, माणसं गमावली. अशा मुलीने पुन्हा भाषणच करायला हवं, असं सांगायला मालिका धजावत नाही.

जाता जाता: ‘ब्लॅक आरएक्स’ हा १९८७च्या मालिकेचा थेट पुढचा भाग, त्याचा ‘ब्लॅक सन’शी कथेचा संबंध नाही. २०१६ची ‘कामेन रायडर अमेझॉन्स’ही काळीकुट्ट आणि प्राइमवरचीच, पण तिची कथा स्वतंत्र आहे.

मुलांसोबत बघायची असेल तर १९८७ची बघा, ‘ब्लॅक सन’ त्यांच्यासमोर लावूच नका. मोठ्यांनीही आधी जुन्या मालिकेचे निदान पहिले दोन भाग आणि तिचं सुरुवातीचं गाणं बघून घ्यावं. ‘ब्लॅक सन’चा दहावा भाग त्या जुन्या गाण्यानेच उघडतो, चित्रचौकटींसकट. ते ओळखता आलं नाही, तर दिग्दर्शकाने तिथे काय मागे सोडलं आणि काय सोबत घेतलं ते कळणार नाही.