बजीची जोडी नेताना : नर कोणता, मादी कोणती

‘तुम्ही दोन्ही नरच दिलेत’ असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो : पक्षी केवढा आहे? भांडण बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते खरं तर बजी, मूळचे ऑस्ट्रेलियातले. आफ्रिकन लव्हबर्डमध्ये आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक जातींचे नर-मादी दिसायला सारखेच. तिथे पिसाची डीएनए चाचणीच करावी लागते. हे पत्रक फक्त बजींचं.

मोठ्या बजीचं नाक (चोचीच्या वरचा, नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग) निळं असेल तर नर. पांढुरकं किंवा तपकिरी असेल तर मादी; अंड्यावर आली की ते गडद आणि खपली धरल्यासारखं खरखरीत होतं. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि घोळ त्यामुळेच होतो. पिल्लांचं गणित जवळजवळ उलटं असतं. नर पिल्लाचं नाक सगळीकडे सारखं गुलाबी-जांभळट. मादी पिल्लाचं फिकट निळसर, नाकपुड्यांभोवती पांढरी कडी. म्हणजे ‘निळं ते नर’ म्हणून हौसेने निवडलेलं पिल्लू नेमकी मादी निघते. पिल्लू ओळखायला कपाळ बघा : काळ्या रेघा नाकापर्यंत आलेल्या असतात, तीन-चार महिन्यांनी पिसं झडली की त्या मागे हटतात. लुटिनो (पूर्ण पिवळे) आणि अल्बिनो (पूर्ण पांढरे) यांच्या कपाळावर रेघाच नसतात, आणि त्यांच्या नरांचं नाक मोठेपणीही गुलाबी-जांभळटच राहतं. ‘पांढऱ्या दोन्ही माद्या निघाल्या’ ही तक्रार त्यातलीच.

दोघं एकमेकांना भरवतात म्हणून जोडी लागली, असंही समजू नका. दोन नरही खुशाल भरवतात.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांना विनंती : रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत निळं नाकही तपकिरी दिसतं. दिवसा, सावलीत, फ्लॅश न मारता, समोरून काढा. त्याहून बरं म्हणजे पक्षी दुकानात घेऊन या. नाक बघायचे पैसे आम्ही घेत नाही, पक्षी दुसरीकडून घेतलेला असला तरी.

आता मटका, म्हणजे अंडी घालण्यासाठी पिंजऱ्यात टांगतात तो. पक्षी घरी नेला, त्याच संध्याकाळी मटका टांगला, हे करू नका. मटका दिसला की कोवळी मादीही अंड्यावर येते, आणि अशा मादीचं अंडं अडकलं तर ती दगावू शकते. मादी दहा-बारा महिन्यांची होऊ द्या. तोवर राळा-बाजरीबरोबर पालक, कोथिंबीर आणि पिंजऱ्यात कायम समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं पांढरं हाड, कॅल्शियमसाठी. (आमच्याकडे आहे, औषधांच्या दुकानात मिळाला तर तिथून घ्या, पण घ्या.) एका पिंजऱ्यात दोन माद्या आणि एक मटका असेल तर मारामारी रक्त निघेपर्यंत जाते. जोडी नीट लागली तर मादी दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते, अठराव्या दिवसाच्या सुमारास पिल्लं फुटायला लागतात आणि महिना-पाच आठवड्यांत ती मटक्याबाहेर येतात. दोन विणी झाल्या की मटका काढा, मादीला विश्रांती द्या. लोक पाचव्या विणीपर्यंत ताणतात आणि मग विचारतात, पिल्लं अशी मरतुकडी का?

आमची मोठी जोडी पिल्लांपेक्षा महाग का, हेही विचारलं जातं. तेवढे महिने तिला आम्ही खाऊ घातलेलं असतं, आणि नर-मादीची हमी बिलावर लिहून देतो. पिल्लांची हमी देत नाही, आणि नर-मादीच्या कारणावरून पिल्लू बदलूनही देत नाही. कोणी छातीठोकपणे देत असेल तर त्याच्याकडून ती लेखी घ्या. कमी खर्चात हवं असेल तर चार पिल्लं न्या. त्यांत एक तरी जोडी निघण्याची शक्यता बरीच असते.

देशी पोपट आणि रंग बदलणारा शॅमेलिऑन सरडा मागू नका. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात. ते विकणंही गुन्हा, पाळणंही.